ॲपवरच्या टॅक्सीला अपघात झाला तर: दवाखान्यापासून क्लेम कोर्टापर्यंतचे कागद, क्रमाने

ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीला अपघात झाला की बहुतेक घरांतून पहिला फोन ॲपच्या मदत केंद्राला जातो. तिथून तक्रार क्रमांक मिळतो, खेद व्यक्त करणारा मेल येतो, भाड्याचे दोन-चारशे रुपये परत जमा होतात. मग घरचे वाट बघत बसतात. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाहुणा विचारतो, ‘अहो, क्लेम केला का?’ तेव्हा कळतं की पोलिसांत धड नोंद नाही, दवाखान्याच्या कागदावर भलतंच लिहिलंय आणि ज्या डंपरने ठोकलं त्याचा नंबर कुणाकडेच नाही.

प्रवाशाची खरी भरपाई येते ती गाड्यांच्या विम्यातून. तिथपर्यंतचा रस्ता पोलीस ठाणं आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, म्हणजे लोकांच्या भाषेत क्लेम कोर्ट, यांच्यातून जातो. ॲपकडून मिळालं तर वरचं थोडंफार मिळतं. मी वकील नाही. घरातल्या एका आणि ओळखीतल्या काही क्लेम केसच्या फायली लावताना जे हाताखालून गेलं ते इथे लिहितोय. दुखापत मोठी असेल तर वकील लागतोच, पण त्याच्या हातात काय पडणार हे पहिल्या दोन-चार दिवसांतच ठरतं.

## तयारी: बसण्याआधी नंबरप्लेट बघा

ॲपमध्ये दिसतो तोच नंबर गाडीवर आहे ना, एवढं आपण बघतो. त्याबरोबर प्लेटचा रंगही बघा.

पिवळी प्लेट, काळी अक्षरं: भाड्याने चालवायला परवानगी असलेली गाडी. विजेवरची असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं, किंवा हिरव्यावर पांढरी, म्हणजे खाजगी गाडी. ॲपवर पांढऱ्या प्लेटच्या मोटारसायकली आणि गाड्या अजूनही सर्रास येतात. स्वस्त पडतात, लवकर येतात. पण अपघात झाला तर तुमचा विम्याचा हिशेब इथेच बदलतो. कसा ते पायरी ५ मध्ये.

दुसरं म्हणजे ‘ॲपवर कॅन्सल करा, मी तसंच सोडतो’ हे ऐकू नका. राइड रद्द केली की ॲपच्या प्रवासी विम्याचा प्रश्नच संपतो आणि तुम्ही त्या गाडीत होता हे दाखवणारा सगळ्यात सोपा पुरावाही जातो.

## पायरी १: जागेवर

जीव आधी. ११२ हा आपत्कालीन नंबर, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. ११२ वर केलेल्या फोनची वेळेसकट नोंद राहते, म्हणून कुणीतरी आधीच रुग्णवाहिका बोलावली असली तरी हा फोन कराच.

हात चालत असतील, किंवा बरोबर कुणी असेल, तर फोटो काढा:

- दोन्ही गाड्यांच्या नंबरप्लेट. तुमच्या टॅक्सीची, आणि समोरच्या किंवा मागच्या वाहनाचीही.
- गाड्या हलवण्याआधी त्या रस्त्यावर कशा उभ्या आहेत ते, लांबून एक.
- ॲपचा चालू राइडचा स्क्रीनशॉट.

दोन्ही नंबर का? टॅक्सीतल्या प्रवाशाची अपघातात सहसा काहीच चूक नसते. दोन वाहनांच्या चालकांची मिळून चूक असेल, तर प्रवासी पूर्ण भरपाई त्या दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. त्यांनी आपसातली वाटणी नंतर करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं आहे. एका गाडीचा विमा संपलेला निघाला तर दुसरी तुम्हाला तारते. लोक फक्त टॅक्सीचा फोटो काढतात आणि ट्रक निघून जातो.

मदतीला थांबलेल्या माणसाचं नाव आणि फोन नंबर विचारून घ्या. तो कचरला तर सांगा की मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार मदत करणाऱ्यावर जबाबदारी टाकता येत नाही आणि नाव सांगायची त्याच्यावर सक्तीही नाही. गंमत अशी की सक्ती नाही म्हटल्यावर बहुतेक जण आपणहून नंबर देतात.

सावधान: या क्षणी चालक हमखास म्हणणार, ‘दादा, पोलीस केस नको, गाडी जमा होईल, हप्ता थकेल. दवाखान्याचं मी बघतो.’ बिचारा बहुतेक वेळा खरंच बोलत असतो. पण गुडघ्याच्या एका शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या आवाक्यातला नसतो, आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन लागत नाही. गाडीचा विमा याच कामासाठी आहे हे त्याला शांतपणे सांगा.

## पायरी २: कॅज्युअल्टीतले चार शब्द

सगळ्यात महाग चूक इथे होते.

माझ्या मावसभावाला रात्री अकराच्या सुमारास टॅक्सीतून खाजगी दवाखान्यात नेलं. चालक हात जोडून उभा. वहिनी घाबरलेल्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरने पेन उघडून विचारलं, ‘काय झालं?’ आणि वहिनींनी पोलिसांची कटकट नको म्हणून सांगितलं, ‘गाडीतून उतरताना पडले.’ केसपेपरवर चार शब्द आले: फॉल व्हाइल गेटिंग डाउन. अपघात म्हणून नोंद नाही, पोलिसांना कळवलं नाही. पुढे घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसवायची वेळ आली, तेव्हा सगळे क्लेमला तयार झाले. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद वर धरला आणि एकच प्रश्न विचारला: ‘त्या रात्री डॉक्टरला खोटं सांगितलं होतं, की आज कोर्टाला सांगताय?’

म्हणून डॉक्टर विचारतील तेव्हा नेमकं सांगा: रस्ता अपघात, अमुक नंबरच्या टॅक्सीत प्रवासी होतो, अमुक ठिकाणी, साधारण इतक्या वाजता. आणि एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंद झाली का ते विचारा. एमएलसीचा नंबर लिहून घ्या.

खर्चासाठी: ५ मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. ठरवून दिलेल्या रुग्णालयांत अपघाताच्या दिवसापासून ७ दिवसांपर्यंत, दर जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार. ही योजनाही पोलिसांच्या दुजोऱ्यावर चालते. म्हणजे पोलीस नको म्हणणाऱ्याला हा फायदाही नाही.

इथे थांबून तपासा:

- केसपेपरवर ‘रस्ता अपघात’ लिहिलंय का? गाडीचा नंबर?
- नाव आधारवरच्या नावाशी जुळतंय का? ‘बाळू’ला कोर्टात ‘बाळकृष्ण’ ठरवायला प्रतिज्ञापत्रं करावी लागतात.
- डिस्चार्ज कार्डवर सगळ्या दुखापती आल्या का? बोटाचं फ्रॅक्चर मोठ्या शस्त्रक्रियेच्या गडबडीत हमखास राहून जातं.

## पायरी ३: पोलीस

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला येतात. माणूस वेदनेत, औषधाच्या गुंगीत. अशा वेळी ‘माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही’ या वाक्याखाली सही होऊन जाते. जबाब वाचल्याशिवाय किंवा घरच्या कुणी वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका. बोलायच्या स्थितीत नसाल तर नंतर देतो म्हणून सांगा.

गुन्हा सहसा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली दाखल होतो, मृत्यू झाला असेल तर कलम १०६. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं, तर झिरो एफआयआर घेता येतो हे सांगा: गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवून योग्य ठाण्याकडे वर्ग करतात. एफआयआरची प्रत तक्रारदाराला आणि पीडिताला फुकट मिळते.

एफआयआरमध्ये दोन्ही वाहनांचे नंबर आणि तुम्ही टॅक्सीत प्रवासी होता ही गोष्ट आलीच पाहिजे. तुम्ही दाखल असताना चालकाने किंवा दुसऱ्या गाडीवाल्याने आधीच फिर्याद दिलेली असू शकते. तसं असेल तर तुमचा स्वतंत्र जबाब नोंदवायला लावा. तुम्ही डोळ्यांनी काय बघितलं ते त्यात येऊ द्या: चालक मोबाईल बघत होता, सिग्नल तोडला, डंपर दिवे न लावता उभा होता. ‘भरधाव वेगात’ हा पोलिसी शब्द प्रत्येक एफआयआरमध्ये असतो. तुमचा तपशील त्याहून वजनदार.

आता जे फारसं कुणाला माहीत नसतं ते. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपासी अंमलदाराने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल क्लेम कोर्टाला द्यायचा असतो. १० दिवसांत तुम्हाला प्रपत्र २ मिळायला हवं. त्यात तुमचे हक्क आणि पुढची प्रक्रिया लिहिलेली असते. तुमच्या बाजूने भरायचं ते प्रपत्र ६, मुदत ६० दिवस. त्यात उत्पन्न, कुटुंब, उपचार, खर्च यांची माहिती जाते.

सगळ्या ठाण्यांत हे आपोआप होईल अशा भ्रमात राहू नका. ‘साहेब, प्रपत्र दोन आणि सहा द्या’ असं नाव घेऊन मागितलं की काम हलतं. नाहीच हललं तर लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट.

पोलिसांकडून घ्यायचे कागद: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, दोन्ही गाड्यांची आरसी, विमा पॉलिसी, परमिट, फिटनेस, चालकांचे परवाने, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल, पुढे दोषारोपपत्र.

## पायरी ४: मोबाईलमधलं सगळं गोठवा

दोन कामं त्याच आठवड्यात.

राइडची पावती ईमेलवर येते, ती पीडीएफ करून ठेवा. ॲपमधल्या त्या फेरीचे पूर्ण स्क्रीनशॉट काढा: बुकिंग क्रमांक, चालकाचं नाव, गाडीचा नंबर, निघाल्याची वेळ, नकाशावरची रेघ. अपघातानंतर फेरी ‘पूर्ण’ दाखवतात की ‘रद्द’, हेही टिपून ठेवा. राइड मित्राने त्याच्या फोनवरून बुक केली असेल तर त्याच्या खात्यातले स्क्रीनशॉट आणि तुमच्यासाठी बुक केल्याचा त्याचा मेसेज, दोन्ही हवेत.

मग ॲपला लेखी कळवा. इथे मदत केंद्र कामाचं आहे, पण वाट बघायला नव्हे. मेलमध्ये तीनच गोष्टी मागा: या फेरीचा तपशील जतन करा, या फेरीवर प्रवासी विमा होता का, असल्यास विमा कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक आणि अर्ज पाठवा, चालक आणि गाडीमालकाची माहिती तपासी अंमलदाराला द्या. काही ॲपवर प्रवासी विमा तिकिटातच धरलेला असतो, काहींवर एक-दोन रुपयांची खूण करून घ्यावा लागतो. त्याची कळवायची मुदत फार थोडी असू शकते, म्हणून हा मेल पहिल्या दोन-तीन दिवसांतच गेला पाहिजे.

सावधान: जुना फोन विकू नका, रिसेट करू नका. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

## पायरी ५: कुणाचा विमा, कशासाठी

इथे लोक सगळ्या पॉलिसी एका पिशवीत घालतात. वेगळ्या करा.

गाडीचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा सक्तीचा विमा. मुख्य पैसा हाच. पिवळ्या प्लेटच्या टॅक्सीत भाडं देऊन बसलेला प्रवासी या सक्तीच्या विम्यात येतो. पांढऱ्या प्लेटच्या खाजगी गाडीचं तसं नाही. तिची नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांना किंवा मोटारसायकलवर मागे बसलेल्याला ती सहसा धरतच नाही. पॅकेज पॉलिसीत (थर्ड पार्टीबरोबर गाडीचं स्वतःचं नुकसानही धरणाऱ्या) धरते, पण ‘खाजगी गाडी भाड्याने चालवली, पॉलिसीची अट मोडली’ हा बचाव कंपनी घेते. काही प्रकरणांत कोर्ट कंपनीला ‘आधी भरपाई द्या, मग मालकाकडून वसूल करा’ सांगतं, पण ते गृहीत धरून चालत नाही.

म्हणून दुसऱ्या वाहनाचा नंबर. त्या वाहनाच्या विम्यासाठी तुम्ही सरळसरळ तिऱ्हाईत आहात. तुमच्या गाडीच्या प्लेटच्या रंगाचं कारण त्या कंपनीला पुढे करता येत नाही.

या विम्यासाठी कंपनीच्या शाखेत जाऊन भरायचा साधा क्लेम फॉर्म नसतो. चालक, मालक आणि विमा कंपनी यांना जाबदेणार, म्हणजे दाव्यातली समोरची बाजू, करून क्लेम कोर्टात अर्ज करायचा असतो. शाखेतून ‘आमच्याकडे तुमची पॉलिसीच नाही’ हे ऐकून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत.

ॲपचा प्रवासी विमा. वेगळा करार, वेगळी ठरलेली रक्कम. मिळाला तर घ्या. मात्र पावतीवर ‘पूर्ण व अंतिम, यापुढे कोणाविरुद्धही दावा नाही’ असं काही असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.

तुमचा मेडिक्लेम, नोकरीतला गट विमा, वैयक्तिक अपघात विमा. हे तुमच्या हप्त्यांचं फळ. वापरलं म्हणून गाडीविरुद्धचा दावा बुडत नाही. मेडिक्लेममधून मिळालेले पैसे अपघात भरपाईतल्या वैद्यकीय खर्चातून वजा करायचे नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलं आहे. अडचण कागदाची येते: मेडिक्लेमवाले मूळ बिलं ठेवून घेतात. देण्याआधी प्रत्येक बिलाची झेरॉक्स, दवाखान्याच्या सही-शिक्क्याची दुसरी प्रत आणि कंपनीचं मंजुरीपत्र घ्या. यातली कुठली कंपनी नाही म्हणाली तर नकारापासून एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, ५० लाखांपर्यंत. गाडीच्या थर्ड पार्टी दाव्यासाठी मात्र लोकपाल नाही.

ॲप कंपनी स्वतः. ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ हे तिचं ठरलेलं उत्तर. क्लेम केसमध्ये तिला जाबदेणार करायचं की नाही हे वकिलाने ठरवावं. माझं मत, निदान रेकॉर्ड मागवण्यासाठी तरी करावं. सेवेतल्या त्रुटीची वेगळी तक्रार, जसं की ॲपवर एक चालक आणि गाडीवर दुसराच, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते.

## पायरी ६: वकील

दवाखान्याच्या दारात कार्ड देणारा माणूस वकील नसतो, दलाल असतो. वकिलांना जाहिरात करायला आणि निकालातल्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. ‘आत्ता काही देऊ नका, निकालातले तीस टक्के’ ही बोली गावोगाव चालते म्हणून ती नियमात बसते असं नाही.

जिल्हा न्यायालयात जा आणि क्लेमचंच काम करणारा वकील विचारून काढा. भेटीत तीन प्रश्न: फी किती आणि कोणत्या टप्प्यावर, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आणि डॉक्टरच्या साक्षीसाठी काय करणार, पैसे कुणाच्या खात्यात येणार. तिसऱ्याचं एकच बरोबर उत्तर आहे: तुमच्या.

कोरे कागद आणि कोरे धनादेश सही करून देऊ नका. वकीलपत्रावरची सही वेगळी, ती द्यावीच लागते.

परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये. मदत क्रमांक १५१००.

## पायरी ७: दावा दाखल करणं

मुदत: अपघाताच्या दिवसापासून ६ महिने, मोटार वाहन कायद्याचं कलम १६६(३). या मर्यादेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आहे. तरी सहा महिनेच धरून चाला. उशिराचा थेट तोटाही आहे: व्याज अर्ज केल्याच्या तारखेच्या मागचं मिळत नाही.

कुठे: अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता किंवा कामधंदा करता तिथल्या, किंवा जाबदेणार राहतो तिथल्या क्लेम कोर्टात. निवड तुमची. मुंबईत अपघात झाला आणि घर सांगलीला असेल तर सांगलीत करा. कुबड्या घेऊन मुंबईच्या तारखा करायचं कारण नाही.

कोणत्या कलमाखाली: या वळणावर नीट थांबा. कलम १६४ मध्ये चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, ठरलेली रक्कम. कलम १६६ मध्ये चूक दाखवावी लागते, पण रक्कम तुमच्या खऱ्या नुकसानीप्रमाणे ठरते. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याकडून कलम १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. प्रवाशाच्या केसमध्ये दोनपैकी एका चालकाची चूक दाखवणं सहसा अवघड नसतं, म्हणून हाड मोडलेल्या कमावत्या माणसाने अडीच लाखांवर घाईने सही करू नये. उलट, ठोकणारं वाहन पळून गेलंय आणि टॅक्सीवाल्याची काहीच चूक दिसत नाही, तेव्हा टॅक्सीच्या विम्याविरुद्ध १६४ कामी येतं. पळालेल्या अज्ञात वाहनासाठी सरकारी योजना वेगळी आहे: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार.

रकमेचा अंदाज कसा बांधतात ते एकदा कागदावर करून बघा. वय ३४, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला ३०,००० उत्पन्न, पायाच्या दुखापतीमुळे कमावण्याची क्षमता २० टक्के कमी झाली असं समजू. वर्षाचे ३,६०,०००. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगाराला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, म्हणजे ५,०४,०००. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला ज्याने गुणतात तो वयानुसार ठरलेला आकडा, १६. झाले ८०,६४,०००. त्याचे २० टक्के, १६,१२,८००. यावर उपचार, औषधं, जाण्या-येण्याचा खर्च, सांभाळणाऱ्या माणसाचा खर्च, बुडालेले दिवस आणि वेदना यांचे आकडे वेगळे.

आता यातला उत्पन्नाचा आकडा ३०,००० ऐवजी १०,००० झाला तर अख्खी रक्कम एक तृतीयांश होते. कोर्टासमोर उत्पन्न सिद्ध झालं नाही की नेमकं हेच होतं. पगारदाराने पगारपत्रकं, फॉर्म १६ आणि रजेचा दाखला द्यावा. धंदेवाल्याने अपघाताआधीची रिटर्न, बँकेची आणि यूपीआयची विवरणं, उद्यम किंवा गुमास्ता नोंदणी द्यावी. अपघातानंतर घाईने भरलेल्या फुगवलेल्या रिटर्नकडे कोर्ट संशयानेच बघतं. आणि गृहिणीच्या अर्जात ‘उत्पन्न: नाही’ असं लिहू देऊ नका. घरकामाचं मोल धरून काल्पनिक उत्पन्न ठरवतात, त्याप्रमाणे मागणी करा.

अपंगत्वाचा दाखला: उपचार संपून अवयव स्थिरावल्यावर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून घ्या. दाखल्यात अवयवाचं अपंगत्व लिहितात. कोर्ट मोजतं ते कामावर झालेला परिणाम. रिक्षा चालवणाऱ्याचा घोटा आणि बँकेत बसणाऱ्याचा घोटा यांचा हिशेब सारखा नसतो. तुमचं काम रोज नेमकं काय मागतं, किती वेळ उभं राहणं, जिने, वजन, हे साक्षीत सांगा. दाखला देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलवावं लागतं. नुसता कागद जोडून भागेल असं समजू नका.

दाखल करण्याआधी तपासा:

- दोन्ही गाड्यांचे चालक, मालक, विमा कंपन्या जाबदेणार आहेत?
- अपघाताच्या दिवशी पॉलिसी चालू होती? तारखेबरोबर सुरू होण्याची वेळही बघा.
- एफआयआर, केसपेपर आणि अर्ज यांतली जागा, वेळ, नंबर जुळतात?
- बिलं तारखेप्रमाणे लावून, बेरीज करून, अनुक्रमांक घालून जोडली? फिजिओथेरपीच्या आणि रिक्षाच्या पावत्यांसकट?

## जखमी चालक असेल तर

थोडक्यात. चूक दुसऱ्या वाहनाची असेल तर चालकही प्रवाशासारखाच त्या वाहनाविरुद्ध दावा करू शकतो. गाडी स्वतःची आणि चूकही स्वतःचीच असेल, तर मालक-चालकाचा १५ लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा बघायचा. दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक असेल तर सामाजिक सुरक्षा संहितेतल्या कर्मचारी भरपाईचा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत त्यासाठी वेगळा कर्मचारी भरपाई कायदा होता) पर्याय आहे, पण तो आणि क्लेम कोर्ट यांतलं एकच निवडता येतं. अपघाताच्या वेळी ॲप चालू होतं की बंद, याचा स्क्रीनशॉट चालकासाठी सगळ्यात मोलाचा. ॲप कंपनीने चालकांसाठी काढलेला विमा त्यावरच अडतो.

## पायरी ८: तडजोड, लोकअदालत, निकाल

पोलिसांचा सविस्तर अहवाल मिळाल्यावर ३० दिवसांत विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने आपला प्रस्ताव द्यायचा असतो. पहिला प्रस्ताव बहुधा कमीच येतो. वर केला तसा हिशेब तुमच्याकडे तयार असेल तर बोलणी होतात, नसेल तर नुसती घासाघीस होते.

लोकअदालतीत केस लवकर सुटते आणि मी अनेकांना तीच वाट सुचवतो. मात्र तिथला निवाडा अंतिम असतो, अपील नाही. म्हणून दोन गोष्टी झाल्याशिवाय तडजोडीला बसू नका: उपचार संपलेले हवेत आणि अपंगत्वाचा दाखला हातात हवा. पायातली पट्टी काढायची शस्त्रक्रिया अजून बाकी असेल तर तिचा अंदाजित खर्च डॉक्टरकडून लेखी घेऊन मागणीत घाला. तडजोड झाल्यावर त्या खर्चासाठी पुन्हा दार उघडत नाही.

कोर्टाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील. वादातली रक्कम १ लाखाच्या आत असेल तर अपील होत नाही.

निकालानंतर पैसे तुमच्या खात्यात येतात, कधी काही भाग मुदत ठेवीत घालायचा आदेश असतो. खातं राष्ट्रीयीकृत बँकेत, घराच्या जवळच्या शाखेत, एकट्याच्या नावावर ठेवा, आणि आधार-पॅनवरचं नाव निकालपत्रातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का ते निकालाच्या दिवशीच बघा. मावसभावाच्या निकालपत्रात आडनावात एक काना कमी पडला होता. ती दुरुस्ती करून घेऊन पैसे सुटायला आणखी चार महिने गेले.